शांतवनकाकांची ईस्टरची फेरी

परवा दादरला एका वाचनालयात व्याख्यान ऐकलं. विषय होता 'ख्रिस्ती धर्माचा वाढता पसारा'. वक्ते तावातावाने सांगत होते की हा धर्म आता देश गिळायला निघालाय, जागे व्हा. टाळ्या पडल्या. जिना उतरताना एक प्राध्यापक माझ्या कानाशी लागले. म्हणाले, "हे गृहस्थ पन्नास वर्षं मागे आहेत. विज्ञानयुगात तो धर्म संपला हो. तिकडे युरोपात देवळांना कुलपं लागताहेत." मी दोघांच्याही म्हणण्याला मान डोलावली, कारण मी भित्रा माणूस आहे. खरं म्हणजे दोघांच्या बखोट्याला धरून लालबागला आमच्या गल्लीत न्यावं आणि त्या वखारीसमोर उभं करावं असं मनात आलं होतं. तिथे पूर्वी ख्रिस्ती देऊळ होतं. आता व्यापाऱ्याच्या कापसाच्या गासड्या आहेत.

त्या देवळाचे झाडूवाले, घंटावाले, राखणदार आणि वेळ पडली तर कीर्तनकार म्हणजे शांतवन भिंगारदिवे. आम्ही सगळे त्यांना शांतवनकाका म्हणायचो. आठवडाभर गिरणीत सूत कातायच्या खात्यात काम आणि रविवारी देवाची बिनपगारी चाकरी. भुवयांवर कापसाचा भुगा कायम बसलेला, त्यामुळे ते तिशीतही म्हातारे दिसत आणि साठीला आले तेव्हाही तेवढेच म्हातारे. देवळामागे एक खोली होती, तिथे एकटे राहायचे. बायको लवकर गेली. मुलगी लतिका नर्स झाली, एका मंगळुरी माणसाशी लग्न करून भायखळ्याला गेली आणि इंग्रजी प्रार्थनेला जाऊ लागली. बापाच्या देवळात ढोलकी वाजते याची तिला लाज वाटायची. तसं ती एकदा आमच्या आईला म्हणाली होती.

देऊळ म्हणजे मंगलोरी कौलांची एक लांबट खोली. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावच्या म्हाताऱ्या बायकांनी पैसे जमवून ते बांधवलं होतं. आत बाकं, बाजाची पेटी, खुंटीला ढोलकी. मूर्ती नाही, मेणबत्ती नाही. आमच्या आईला, म्हणजे कौसल्याबाईंना, याचं फार नवल. आमची आई मालवणची, घरी गणपती, सोवळं-ओवळं सगळं, पण दर बुधवारी माहीमच्या चर्चला जाऊन मेणबत्ती लावायची. माझी नोकरी कायम झाली ती माहीमच्या आईने, म्हणजे तिथल्या देवमातेने, केली, अशी तिची खात्री. (साहेबाच्या घरी मी दोन वर्षं भाजी आणून दिली, ते कुणाच्या खिजगणतीत नाही.) ती काकांना म्हणायची, "शांतवनभाऊ, माहीमाक बुधवारी पाय ठेवूक जागा नसता. नि तुमचा देऊळ असा ओस. तुम्ही मेणबत्त्यो कित्याक ठेवनास नाय?"

काका हसायचे. "कौसल्याबाई, मेणबत्तीने माणूस येतो. येतो आणि नोकरी घेऊन जातो. राहत नाही."

काकांचं मराठी असं स्वच्छ होतं. नगरच्या मिशनच्या वसतिगृहात वाढलेले. माझ्यासारखा म्युनिसिपालटीतला कारकून 'आयला' आणि 'च्यायला'च्या मध्ये वाक्य बसवतो, तर काका बोलताना आधी विचार करून पूर्ण वाक्य काढायचे.

जन्म नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यातला. घरचं नाव सखाराम. बाप तापाच्या साथीत गेला, तेव्हा मिशनच्या मडमेने धाकट्याला वसतिगृहात नेलं आणि थोरला बाबुराव गावकीची कामं करायला मागे राहिला. सोळाव्या वर्षी सखारामने बाप्तिस्मा घेतला आणि पाद्र्याने नाव ठेवलं शांतवन. बातमी सांगायला तो गावी गेला तेव्हा बाबुराव इतकंच म्हणाला, "पोटाला घालत्यात का?" घालतात म्हटल्यावर म्हणाला, "मंग बरं झालं."

पुढे दोघेही मुंबईला आले. काकांना वाटलं होतं, नाव बदललं, धर्म बदलला, आता साच्यावर कापड विणायचं काम मिळेल. त्या कामाला पगार चांगला. पण धोट्यात, म्हणजे शटलात, सूत ओवताना ते तोंडाने ओढावं लागायचं, आणि एकाचा धोटा दुसऱ्याच्या हाती जायचा. साचेवाले म्हणाले, महाराने तोंड लावलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही. काका म्हणाले, मी ख्रिस्ती आहे. साचेवाले म्हणाले, तोंड तेच ना? झालं. गिरगावातल्या एका मोठ्या देवळातही त्यांनी जाऊन पाहिलं. तिथे पिढ्यान्पिढ्या शिकलेली ख्रिस्ती घराणी. त्यांनी काकांना फार प्रेमाने मागच्या बाकावर बसवलं. ना घरका ना घाटका असा हा माणूस, पण कधी कुणाबद्दल वाकडं बोलला नाही. मी असतो तर रोज बोललो असतो.

आणि आमच्याकडची तऱ्हा काय? आमची आई नाताळात शांतवनकाकांच्या हातची करंजी खायची, आणि मागच्या चाळीत राहणाऱ्या बाबुरावाकडचं पाणी घ्यायची नाही. एका आईची दोन लेकरं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तुका नाय कळाचा." तिलाही कळत नव्हतं, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगतो.

काकांच्या देवळाचा खरा दिवस म्हणजे ईस्टर. त्या रविवारी पहाटे, अजून उजाडायचं असे, तेव्हा काका पांढरे कपडे घालून, टाळ घेऊन निघायचे. ख्रिस्ती माणसाच्या दारासमोर थांबून मोठ्याने हाक द्यायची, "प्रभू उठला आहे!" आतून घरवाल्याने उत्तर द्यायचं, "खरोखर उठला आहे!" मग ते घर फेरीत सामील व्हायचं. अशी दारं गोळा करत, अभंग म्हणत फेरी देवळाशी यायची. मी शाळेत होतो तेव्हा ही रांग गल्लीच्या तोंडापासून नळापर्यंत असायची. मग कुणी शिकून पुण्याला गेलं, कुणी इंग्रजी देवळात गेलं, कुणी नुसतंच झोपून राहिलं. काकांची हाक तेवढीच मोठी राहिली आणि उत्तरं कमी होत गेली. आम्ही समोरच्या चाळीतले लोक उशीत तोंड खुपसून शिव्या द्यायचो. रविवारची झोप ती.

बाबुरावाच्या दारातही काका हाक द्यायचे. तो ख्रिस्ती नव्हता, पण काका थांबायचे. बाबुराव उत्तर देत नसे. दार उघडून भावाला चहाचा कप द्यायचा. दर वर्षी हाक आणि दर वर्षी चहा. "जुनं घर, म्हंजी आपला धरम, सोडला तर तुझ्याकडंच यीन," एवढं मात्र तो कधीमधी म्हणायचा. काका म्हणायचे, "एक दिवस दादा उत्तर देईल." हीच त्यांची एक आशा. तिच्यावर ते जगत होते असं म्हटलं तरी चालेल.

ही आशा मोठी झाली ती दत्तारामामुळे. दत्ताराम हा बाबुरावाचा एकुलता एक मुलगा. नुकताच गिरणीत लागलेला, उंच, हसरा, आणि बोटांत ढोलकी. काकांच्या देवळात तोच ढोलकी वाजवायचा. "देव कुठलाबी असंना रमाकांतभाऊ, ताल एकच," असं मला म्हणायचा. पण हळूहळू ढोलकी संपल्यावरही तो बसून राहू लागला. पंचावन्न सालच्या नाताळात, करंज्यांचं ताट हातात असताना, त्याने काकांना सांगितलं, "काका, मला पाणी द्या." म्हणजे बाप्तिस्मा.

दुसरा कुणी असता तर त्याच रात्री दिला असता. काकांनी आयुष्यभर एक टोमणा ऐकला होता, तांदळासाठी ख्रिस्ती झाले म्हणून. त्यामुळे त्यांची रीत कडक. घाईने कुणाला पाणी द्यायचं नाही, फुकटचं कुणाला ओढायचं नाही, आणि बाप जिवंत असेल तर त्याची परवानगी आधी. ते म्हणाले, "ईस्टरला घेऊ. आमच्यात ईस्टरलाच देतात. तोवर दादाला विचार." दत्तारामाने बापाला विचारलं. बाबुरावही तसाच घाई न करणारा. म्हणाला, "ईस्टर यीउंदे, मंग बघू."

ईस्टर यायच्या आत जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी रेडिओवर बातमी झाली आणि गिरणगाव रस्त्यावर उतरला. ते दिवस मी इथे सांगत बसत नाही, ज्यांनी पाहिले त्यांना ठाऊक आहेत. परळच्या नाक्यावर गोळीबार झाला, त्यात दत्ताराम गेला. तो दगड मारायला गेला होता की घरी येत होता, कुणालाच कळलं नाही. बाबुराव म्हणायचा, दूध आणायला गेला होता. दुधाचा लोटा सापडला नाही.

प्रेत बाबुरावाच्या माणसांनी त्यांच्या रीतीने नेलं. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याला जागा मिळणार नव्हती, कारण पाणी झालं नव्हतं. काका मागून चालत गेले. परत आल्यावर त्यांनी देवळातली ढोलकी खुंटीवरच फडक्याने बांधून टाकली.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, त्यातली गत. मार्चमध्ये गिरगावहून निरोप आला. मिशनचे गोरे लोक परत जात होते, सगळ्या जागा इथल्या विश्वस्तांच्या हाती आल्या होत्या, आणि लालबागचं देऊळ बंद करून त्याची मंडळी गिरगावच्या देवळात मिळवावी असा विचार चालला होता. विश्वस्तांपैकी शरच्चंद्र उजागरे म्हणून एक वकील होते, ते ईस्टरला स्वतः येऊन बघणार होते. तिथे जिवंत मंडळी आहे की नुसती इमारत आहे, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. बसायला माणसं असतील तर देऊळ राहील.

काका सगळ्या जुन्या घरांना जाऊन आले. भायखळ्याला लतिकाकडेही गेले. सगळे येतो म्हणाले. येतो म्हणायला काय लागतं?

आता त्या पहाटेची गोष्ट. छप्पन्नचा ईस्टर एक एप्रिलला होता, म्हणजे देवालाही थट्टा करायची हौस होती म्हणायची. त्या दिवसांत संयुक्त महाराष्ट्राच्या प्रभातफेऱ्या निघत. आमच्या चाळीच्या दारातल्या फळ्यावर आदल्या दिवशी खडूने लिहिलं होतं, 'उद्या पहाटे प्रभातफेरी. सर्वांनी सामील व्हावे.' आम्ही सगळे तयारीत झोपलो होतो. पहाटे टाळ वाजला, अभंगाचा सूर आला, आणि आम्ही सदरे चढवत खाली धावलो. अंधारच होता. पुढे कुणीतरी पांढऱ्या कपड्यांत गात चाललंय, मागे माणसं चाललीत, एवढं दिसलं. मागच्यांनी घोषणा दिली, "संयुक्त महाराष्ट्र!" आम्ही ओरडलो, "झालाच पाहिजे!" या चाळीतून, त्या चाळीतून माणसं येऊन मिळत गेली. माझी आई डोक्यावरून पदर घेऊन आली. गल्ली भरली.

पुढे शांतवनकाका होते, हे मला देवळाजवळ कळलं.

तुम्ही विचाराल, काकांना घोषणा ऐकू येत नव्हत्या का? येत होत्या. पण त्या दिवसांत ती घोषणा कुठे होत नव्हती? बारशाला पाळण्याची दोरी ओढतानाही बायका ती द्यायच्या. काकांना वाटलं, दत्तारामासाठी लोक आलेत. तो या देवळात वाजवायचा, या गल्लीचा हुतात्मा झाला, म्हणून गल्ली आज त्याच्या देवळात यायला निघालीय. त्यात काही अगदी वेडेपणा नव्हता. मागे वळून त्यांनी पाहिलं तर गर्दीत बाबुरावही होता. चाळीस वर्षं चहा देणारा भाऊ आज चालत होता. काकांचा आवाज असा चढला की तसा मी पुन्हा कधी ऐकला नाही.

देवळाच्या पायरीवर शरच्चंद्रराव उभे होते. पांढरा कोट, हातात काठी, सभ्य माणूस. एवढा जमाव बघून त्यांनी चष्मा काढून पुसला. काका पायरीवर चढले, धाप लागली होती, तोंड फुललं होतं. म्हणाले, "साहेब, मंडळी आली." आणि आमच्याकडे वळून त्यांनी दोन्ही हात वर केले. "प्रभू उठला आहे!"

आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो. तेवढ्यात लालबागच्या नाक्याकडून ढोलकी, ताशा आणि कर्ण्याचा आवाज आला. खरी फेरी ती होती.

लोक वाईट नव्हते. कुणी हसलं नाही. जो तो मान खाली घालून सरकायला लागला. गिरणीतले कुणी कुणी काकांच्या जवळून जाताना हात जोडत होते, "येतो काका, तिकडं वाट बघत असतील." एक म्हातारा चपला काढून आत शिरला होता, तो चपला शोधत बाहेर आला. बघता बघता गल्ली मोकळी झाली. काकांचे हात अजून खाली आले नव्हते.

मी, आई आणि चाळीतले चार लोक उभे राहिलो, कारण जायची लाज वाटली. जुन्या ख्रिस्ती घरांतली तीन म्हातारी माणसं आत बाकावर बसली होती. लतिका आली नव्हती. आणि पायरीखाली बाबुराव होता. तो गेला नाही.

"शांतवन," तो म्हणाला, "मी चुकून नाय आलो. आज ईस्टर हाये म्हनून आलोय."

काका खाली उतरले.

"पोरानं परवानगी मागितली व्हती. मी म्हनलो व्हतो, ईस्टरला बघू. बघितलं. देतो मी परवानगी. दे त्याला पानी."

काकांनी त्याचा हात धरला. त्यांनी वर शरच्चंद्ररावांकडे पाहिलं. मलाही वाटलं, तो शिकलेला माणूस काहीतरी वाट काढील. वकील होता शेवटी. शरच्चंद्रराव खाली आले, काठी बाजूला ठेवली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाबुराव, गेलेल्या माणसाला बाप्तिस्मा देता येत नाही. आमच्यात तशी रीत नाही. मला फार वाईट वाटतं."

"बरं," बाबुराव म्हणाला. त्याने ते ऐकून घेतलं, जसं तो सगळंच ऐकून घ्यायचा. मग भावाकडे वळला. "मंग एवढंच सांग. तू दर वर्साला दारात येऊन वरडतोस, उठला, उठला. तुझ्या पुस्तकात लिवलंय शेवटच्या दिवशी समदे उठत्याल. त्यात माझा दत्ता हाये का?"

एक 'हो' म्हणायचं होतं. मी असतो तर म्हटलं असतं. कुठला पाद्री तपासायला येणार होता? माझी आई तर माझ्यामागून पुटपुटत होती, "हो म्हण रे, हो म्हण." पण काकांनी आयुष्यात ज्याची खात्री नाही ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या कडक शिकवणीत, पाणी न घेतलेल्याचं पुढे काय होतं, ते त्यांना पक्कं शिकवलेलं होतं, आणि ते उच्चारणं त्यांच्याच्याने होईना. शेवटी ते म्हणाले, "मला ठाऊक नाही, दादा."

बाबुरावाने भावाच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. रागाने नाही, एखादी वस्तू परत घ्यावी तसा. आणि तो नाक्याकडे, फेरीच्या आवाजाच्या दिशेने चालू लागला. मला आजही त्या क्षणाचा राग येतो, पण कुणावर काढावा ते समजत नाही.

शरच्चंद्ररावांनी आम्हां उरलेल्यांकडे पाहिलं. "शांतवनराव, ही आपली मंडळी का?"

मी पुढे होऊन म्हणालो, "हो साहेब, आम्ही सगळे इथलेच." खोटंही नव्हतं ते पूर्ण.

काका म्हणाले, "नाही साहेब. हे माझे शेजारी आहेत. भले लोक आहेत."

उपासना झाली. आम्ही मागच्या बाकावर बसलो. शरच्चंद्ररावांनी स्वतः अभंग म्हटला, चांगला म्हणाले. ढोलकी फडक्यात बांधलेलीच होती. निघताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्हांला वाटत असेल मी कुलूप लावायला आलोय. पण ज्यांनी हे बांधलं त्यांच्या गावचं देऊळसुद्धा गेल्या वर्षी विकलं. त्या म्हाताऱ्या मेल्या. त्यांच्या सुना येत नाहीत." मला त्या माणसाचा तिरस्कार करायचा होता, तो त्यांनी करू दिला नाही.

पावसाळ्यानंतर देऊळ बंद झालं. बाकं, पेटी आणि घंटा लॉरीत घालून गिरगावला नेली. ढोलकी कुणाच्या यादीत नव्हती, ती काकांकडे राहिली. मागची खोली काकांना राहायला दिली, तेवढी माणुसकी झाली. कॉटन ग्रीनच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याने वखारीसाठी जागा भाड्याने घेतली. त्याच कापसाचा भुगा भुवयांवर घेऊन काका घरी यायचे आणि त्याच कापसाच्या गासड्यांशेजारी झोपायचे. रविवारी गिरगावला जायचे, पाहुण्यासारखे बसून यायचे. तिकडे बसताना आपल्या देवळातल्या जुन्या बाकाचा पाय पायाला लागला, असं एकदा म्हणाले, म्हणजे ओळखीचं तेवढं एक निघालं.

डिसेंबरात बाबासाहेब गेले. दादरच्या चौपाटीवर लाखो माणसं रडत होती, आणि तिथेच, चितेच्या समोर, हजारोंनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्यात बाबुरावही होता. दोन दिवसांनी तो काकांच्या खोलीवर आला. मी तिथे स्टोव्हची पिन द्यायला गेलो होतो, म्हणून ऐकलं.

"मी जुनं घर सोडलं, शांतवन," बाबुराव म्हणाला.

काका म्हणाले, "तू म्हणायचास, सोडलं तर तुझ्याकडं येईन."

"म्हनायचो." बाबुराव खाली टेकला. "तिथं पयलंच काय सांगितलं ठावं हाये? दुःख हाये म्हनाले. बस. उठंल, नाय उठंल, कायबी नाय. दुःख हाये, एवढं म्हनाले. मला एवढंच कुनीतरी म्हनायला पायजे व्हतं." मग म्हणाला, "तू बी ये. आता समदे एकाच घरात ऱ्हाऊ. आता कोन तोंड तेच का म्हनून इचारनार नाय."

काका हसले. "दादा, मी एकदा घर बदललं. एकदा बदललेला माणूस जन्मभर पाहुणाच राहतो. दुसऱ्यांदा पाहुणा व्हायची ताकद नाही आता." आणि उठून त्यांनी भावाला चहा दिला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा चहा या बाजूने त्या बाजूला गेला.

सत्तावन्नच्या निवडणुकीत आमच्या भागात संयुक्त महाराष्ट्र समिती निवडून आली. गुलाल उधळला, मीही उधळला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ईस्टर आला. तारीख मला आईने सांगितली, तिला माहीमला कळली होती. माहीमला त्या आठवड्यात रांग रस्त्यावर आली होती म्हणे, आणि निम्मे आमच्यासारखे हिंदू.

शनिवारी झोपताना मी ठरवलं, उद्या काकांची हाक आली की आपण उत्तर द्यायचं. इतकी वर्षं शिव्या दिल्या, एकदा उत्तर दिलं तर काही बाटत नाही. आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "मी पण देतलंय." पहाटे जाग आली. उत्तर तोंडात तयार ठेवून पडून राहिलो. समोरच्या गल्लीत नळाला पाणी आलं, दूधवाला गेला, उजाडलं. टाळ वाजला नाही.

मी खाली उतरलो. वखारीला वळसा घालून मागे गेलो. काकांच्या खोलीचं दार उघडं होतं. ते आंघोळ करून, पांढरे कपडे घालून खाटेवर बसले होते. टाळ मांडीवर होता. म्हणजे निघायची तयारी झाली होती आणि निघणं झालं नव्हतं. भिंतीला दत्तारामाची ढोलकी टेकलेली होती, अजून फडक्यातच.

मला काय सुचलं कोण जाणे. मी उंबऱ्यात उभा राहिलो आणि जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात म्हणालो, "काका, प्रभू उठला आहे!"

त्यांनी मान वर केली. सगळ्या गिरणगावात या हाकेचं उत्तर पक्कं ठाऊक असलेला तो एकच माणूस उरला होता. तो माझ्याकडे बघत राहिला. मी वाट पाहिली. मागे आई येऊन उभी राहिली होती, तीही वाट पाहत होती.

काकांनी टाळ खाटेवर ठेवला आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"बस, रमाकांत," ते म्हणाले. "चहा टाकतो."